रक्ताचा वारसा आणि घरची परिस्थिती

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या अलीकडे, मंडणगड तालुका आहे. डोंगरउतारावरच्या वाड्या, पावसाळी भातशेती, थोडे आंबा-काजू आणि बाकी सगळी भिस्त मुंबईवर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली होती. कारण कोकणात कुणाला विचारायला लागत नाही. पुरुष चाकरीला मुंबईत असतात आणि गणपती-शिमग्याला घरी येतात. एक भाऊ गावात, दुसरा नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला, हे इथल्या घराघरातले चित्र आहे.

अशा घरातला एखादा पन्नाशीत छातीत कळ येऊन गेला की तीन उत्तरे मिळतात. भावकी म्हणते, ‘त्यांच्या घराण्यातच आहे.’ डॉक्टर म्हणतात, बीपीची गोळी बंद केली होती आणि तंबाखू चालू होती. तिसरा कुणी म्हणतो, वेळेवर गाडी मिळाली असती, पैसा हाताशी असता, तर वाचला असता. वैद्यकशास्त्रात गेली साठ-सत्तर वर्षे जो वाद चालू आहे, तो याच तीन उत्तरांचा आहे. जनुके किती, राहणीमान किती, परिस्थिती किती, आणि हे तिन्ही एकमेकांत कसे गुंततात, या प्रश्नावर आज अभ्यासक कुठवर आले आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

साहेबांचा आजार

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकार हा सुखवस्तू लोकांचा आजार समजला जाई. खुर्चीत बसून डोके चालवणारा, तूपरोटी खाणारा, ताणाखाली वावरणारा साहेब म्हणजे हृदयविकाराचे ठरलेले गिऱ्हाईक. १९४८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांना ‘जोखीम घटक’ म्हणून मान्यता मिळवून दिली; पण जोखीम कोणत्या वर्गात साठते, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

तो पुढे आणला लंडनच्या सरकारी कचेऱ्यांनी. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे अठरा हजार पुरुष नोकरदार होते. कुणी उपाशी नाही, कुणी बेकार नाही, सगळ्यांना सरकारी पगार आणि मोफत दवाखाना. तरीही १९७८ मध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निष्कर्षात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ३.६ पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही यातला मोठा भाग उलगडत नव्हता. साहेबांचा आजार शिपायाच्या घरी केव्हाच जाऊन बसला होता.

भारतीयांची गोष्ट तेव्हाच वेगळी दिसू लागली होती. सिंगापूरमधल्या शवविच्छेदनांवर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या भारतीयांत हृदयविकाराचे प्रमाण चिनी लोकांपेक्षा बरेच जास्त आढळले. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली. १९६७ मध्ये त्यांनी दाखवले की दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हा आजार उत्तरेतल्यांच्या कितीतरी पट आहे, आणि तोही उत्तरेतले लोक जास्त तूप-दूध खात असताना! नोकरी एकाच खात्यातली, तरी आजार वेगळा. मग फरक रक्तात, खाण्यात की हवापाण्यात? तेव्हा याचे उत्तर देण्याची साधने नव्हती.

पुढे २००७ मध्ये नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली दक्षिण आशियाई माणसे वेगळी काढून पाहिली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र जवळपास ५९ व्या. या सहा वर्षांचे खापर जनुकांवर फोडायला अनेक जण तयार होते. पण त्याच लेखाचे म्हणणे असे की तंबाखू, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण, मधुमेह, भाजीपाल्याची कमतरता हे ओळखीचेच घटक आपल्याकडे कमी वयात गाठतात, आणि वयातला फरक बव्हंशी त्यातूनच उलगडतो.

जनुकांची बाजू

जनुकांची बाजू लंगडी मात्र नाही. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या एकवीस हजार जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांमध्ये एक जुळा भाऊ ५५ च्या आत हृदयविकाराने गेला, तर दुसऱ्याचा धोका हुबेहूब जुळ्यांत आठ पट आणि साध्या जुळ्यांत सुमारे चार पट वाढलेला दिसला. दोन्ही जोड्या एकाच घरात वाढलेल्या असल्यामुळे वाढीव फरक बराचसा जनुकांचा म्हणावा लागतो. उतारवयात हा परिणाम विरत जातो. म्हणजे वारशाचा जोर तरुणपणीच्या झटक्यात अधिक.

हा वारसा दोन तऱ्हांनी येतो. एका तऱ्हेत एकच जनुक बिघडलेले असते आणि घाव मोठा बसतो. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल हे त्याचे ठळक उदाहरण. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून नेणारा ग्राही नीट काम करत नाही, त्यामुळे ते जन्मापासून चढलेलेच राहते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना याच शोधासाठी १९८५ चे नोबेल मिळाले. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो, म्हणजे आजार दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे त्याचे निदान.

दुसरी तऱ्हा बारीकसारीक फरकांची. २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचा ‘९पी२१’ हा भाग हृदयविकाराशी जोडलेला सापडला आणि मग अशा जागांची रांगच लागली. एकेका जागेचा परिणाम नगण्य असतो. सगळ्यांची बेरीज करून ‘बहुजनुकीय गुण’ काढला की चित्र दिसू लागते. २०१८ मध्ये अमित खेरा आणि सहकाऱ्यांनी ६६ लाख जागांच्या आधारे दाखवले की त्यांच्या युरोपीय वंशाच्या नमुन्यातल्या आठ टक्के लोकांचा धोका इतरांच्या तिप्पट आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचे कोलेस्टेरॉल काही घाबरण्याजोगे नव्हते.

भारतीय संदर्भात एक शोध फार गाजला. पेरुंदुराई धंदपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जाहीर केले की हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकात २५ अक्षरांची गळ असलेले लोक दक्षिण आशियात सुमारे चार टक्के आहेत आणि त्यांना हृदय निकामी होण्याचा धोका बराच जास्त आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे. दशकभराने त्याच गळीची फेरतपासणी झाली तेव्हा सूर बदलला: दोष बहुधा त्या गळीचा नसून काही जणांत तिच्यासोबत येणाऱ्या दुसऱ्या, अगदी विरळ बदलाचा असावा. कोट्यवधींना ‘तुमच्या रक्तातच आहे’ असे सांगण्यापूर्वी थांबावे, इतका धडा त्यातून जरूर मिळतो.

परिस्थितीची बाजू, आणि तिच्यातले भांडण

परिस्थिती महत्त्वाची मानणाऱ्यांचे तरी आपसांत एकमत आहे का? भारतापुरते बोलायचे तर नाही.

एक गट म्हणतो, पाश्चात्त्य देशांत झाले तसेच इथे होत आहे. आजार वरून खाली सरकला असून आता गरिबांना जास्त ग्रासतो. पनियम्मकल जीमोन, के. श्रीनाथ रेड्डी आणि जयपूरचे राजीव गुप्ता यांच्या लेखनाचा रोख असा आहे. त्यांच्या बाजूला मुंबईचा मोठा पुरावा आहे. प्रकाश गुप्ता, मंगेश पेडणेकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात मतदार याद्यांच्या आधारे मुंबई शहरातल्या पस्तिशीपुढच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची घरोघरी नोंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा जाऊन कोण हयात आहे ते पाहिले. निरक्षर आणि कमी शिकलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू जास्त निघाले. गिरणगावात त्या काळी कोकणातली किती माणसे राहत होती, हे लक्षात घेतले तर हा अभ्यास मंडणगडपासून फार लांबचा वाटत नाही.

दुसऱ्या गटाचा आक्षेप एस. व्ही. सुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडला. त्यांच्या मते लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब भारतात अजूनही खात्यापित्या वर्गात जास्त आहेत, आणि आजार गरिबांकडे सरकल्याची घोषणा घाईची आहे. २०१८ मध्ये पास्कल गेल्डसेट्झर आणि सहकाऱ्यांनी तेरा लाख प्रौढांची माहिती तपासली. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सुस्थितीतल्या घरांत अधिक निघाले. पण रक्तदाबाच्या बाबतीत हा फरक लहान होता, गरीब आणि ग्रामीण लोकही त्यातून सुटलेले नव्हते.

दोन्ही गट खरे बोलत असण्याची शक्यता आहे, कारण एक आजाराच्या कारणांकडे बघतो आहे आणि दुसरा मरणाकडे. १७ देशांच्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१४ मध्ये नेमके हेच दाखवले. श्रीमंत देशांतल्या लोकांचे जोखीम घटक सर्वांत वाईट होते, तरी झटके आणि मृत्यू तिथे कमी होते. गरीब देशांत, भारतासह, जोखीम कमी असूनही मृत्यू जास्त. मधली दरी उपचारांची.

त्या दरीचे सर्वांत उघड चित्र भारतातच मिळते. २००८ मध्ये डेनिस झेवियर, प्रेम पैस आणि सहकाऱ्यांनी ‘क्रिएट’ नोंदवहीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: ५० शहरांतली ८९ रुग्णालये, वीस हजारांहून अधिक रुग्ण. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोठा झटका आलेल्या निम्म्या रुग्णांना पाच तासांहून जास्त वेळ लागत होता. तीस दिवसांच्या आत दगावलेल्यांचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के, तर श्रीमंतांत ५.५ टक्के. मग संशोधकांनी कोणाला कोणते उपचार मिळाले हे हिशेबात धरले, आणि गरीब-श्रीमंतांतला फरक जवळपास पुसून गेला. दाराशी आल्यावर मरण टळण्यात जनुकांचा फारसा हात नव्हता. इंजेक्शन, औषधे आणि अँजिओप्लास्टी कोणाला मिळाली, यावर सारे ठरत होते.

मंडणगडात पाच-सहा तास कसे जातात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. रात्री छातीत जळजळ सुरू होते. आधी ‘गॅस’ म्हणून ओवा, सोडा होतो. पहाटे घाम फुटला की वाडीतली गाडी शोधायची, चढ-उतार पार करून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात यायचे, ईसीजी काढायचा आणि मग ‘पुढे न्या’ हे ऐकायचे. पुढे म्हणजे महाड, दापोली, डेरवण, नाही तर थेट मुंबई. सावित्रीवरचा म्हाप्रळ-आंबेत पूल मध्यंतरी काही काळ दुरुस्तीसाठी वाहतुकीला बंद होता, तेव्हा गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जात. पूल बंद असणे हा कुठल्याही वैद्यकीय पुस्तकातला जोखीम घटक नाही.

पोटातले नऊ महिने

या वादात महाराष्ट्राचे सर्वांत मोठे योगदान पुण्याचे. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात एक विचित्र वाटणारी गोष्ट मांडली होती: जन्मतः वजन कमी असलेली बाळे मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात. म्हणजे आजाराची पायाभरणी गर्भात होते, आणि गर्भाचे पोषण आईच्या परिस्थितीवर अवलंबून असते. गरिबी अशी एक पिढी ओलांडून शरीरात उतरते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा पाठपुरावा सुरू केला. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळे सरासरी साडेतीन किलोंची, तर इथली २.७ किलोंच्या आसपास. पण हाडे-स्नायू-अवयव जितके खुरटलेले, तितकी चरबी घटलेली नव्हती. बाळ दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचे. याला नाव पडले ‘थिन-फॅट’ बाळ. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपलाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला: दोघांचा बीएमआय २२, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वैद्यकीय नियतकालिकांत इतका खट्याळ पुरावा क्वचितच छापला गेला असेल.

पुढे याच गावांतून जीवनसत्त्व बी-१२ चा धागा सापडला. बहुसंख्य आयांत ते कमी होते, आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सहाव्या वर्षीच दिसत होती. त्यावरून मुलगे-मुली वयात येतानाच बी-१२ देऊन पुढची पिढी सुधारते का, हे तपासणारी चाचणीही पुण्यात झाली. रत्नागिरी जिल्ह्यातही चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा असा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. उद्या आया होणाऱ्या कोकणातल्या मुली आज कशा आहेत, इथून मोजमाप सुरू करायचे, असा त्यामागचा विचार.

मात्र जनुकवाद्यांनी इथेही मैदान सोडलेले नाही. १९९९ मध्ये अँड्र्यू हॅटर्सली आणि जॉन टूक यांनी विचारले: गर्भात इन्शुलिन हेच वाढीचे संप्रेरक असते; मग इन्शुलिन कमी पाडणारे जनुक बाळाला हलकेही करील आणि मोठेपणी मधुमेहही देईल. पोषण कशाला हवे मध्ये? २०१९ मध्ये निकोल वॉरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी आईची आणि बाळाची जनुके वेगळी काढून मोठा अभ्यास केला, तेव्हा कमी जन्मवजन आणि पुढचा रक्तदाब यांचा संबंध बराचसा जनुकीयच निघाला. पण ती माणसे युरोपीय, पोटभर जेवणारी. अडीच किलोंच्या बाळांच्या गावात हाच निष्कर्ष लागू पडेल असे धरून चालणे म्हणजे पुन्हा जुनीच घाई.

भावाभावांचा हिशेब

रक्त एक आणि परिस्थिती वेगळी, अशी माणसे मिळाली तर दोन्हींचे वजन वेगळे करता येईल. असा अभ्यास भारतात झाला आहे. शाह इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतल्या, खेड्यातून आलेल्या कामगारांना गाठले आणि त्यांच्या गावी राहिलेल्या सख्ख्या भावंडांनाही तपासले. निष्कर्ष २०१० मध्ये आले. पुरुषांत मधुमेह गावच्यांमध्ये ६.२ टक्के, शहरात गेलेल्यांमध्ये १४.३ टक्के. भावंडांची निम्मी जनुके सामाईक असतात. तरी शहराने मधुमेह दुपटीच्या वर नेला. नागपूरच्या कारखान्याऐवजी परळची गिरणी किंवा अंधेरीचे सिक्युरिटी केबिन घातले, तर हा अभ्यास कोकणी घराचाच.

पण त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सोडवला. शहरात गेलेल्या सात भावांपैकी सहांना मधुमेह का झाला नाही, याचे उत्तर पुन्हा जनुकांकडे वळते. म्हणून आता संशोधक दोन्ही गोष्टी एकत्र मांडू लागले आहेत. २०१६ मध्ये खेरा आणि सहकाऱ्यांनी ५५ हजारांहून अधिक लोकांत दाखवले की वरच्या पाचव्या हिश्श्यातला जनुकीय धोका झटक्याची शक्यता ९१ टक्क्यांनी वाढवतो. मात्र त्याच लोकांत धूम्रपान नसेल, वजन आटोक्यात असेल, व्यायाम आणि आहार ठीक असेल, तर ती ४६ टक्क्यांनी उतरते. २०११ मध्ये ‘इंटरहार्ट’च्या माहितीतून असेही दिसले होते की ९पी२१ चा वाईट वारसा असणाऱ्यांनी कच्च्या भाज्या-फळे भरपूर खाल्ली, तर त्याचा परिणाम बराच मावळतो.

इथेच परिस्थितीचा खरा प्रवेश होतो. चांगली जीवनशैली ‘निवडायची’ तर ती परवडावी लागते. सावलीत फिरायला रस्ता, वर्षभर भाजी, रात्रपाळी नसलेली नोकरी हे सगळे पगाराशी बांधलेले. मंडणगडात हिरवी भाजी पावसाळ्यात मुबलक, पण चैत्र-वैशाखात सुकट-बोंबलावर भागते, म्हणजे मीठ पोटात जाते. भाताबरोबर कुळथाची पिठी असते ही जमेची बाजू. बायकांच्या दातांना लागणारी तंबाखूची मिश्री ही खर्चाची.

शिक्षणाचा परिणाम जनुकांच्याच साहाय्याने मोजण्याची युक्तीही निघाली. शिक्षणाशी संबंधित जनुकीय फरक हे एक प्रकारचे नैसर्गिक सोडतपत्र मानायचे आणि ज्यांना जास्त शिक्षणाकडे झुकणारे फरक मिळाले, त्यांचे हृदय कसे आहे ते पाहायचे. तावी टिलमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये म्हटले की ३.६ वर्षे जादा शिक्षण हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. २०१९ मध्ये अ‍ॅलिस कार्टर आणि सहकाऱ्यांना या परिणामाचा सुमारे ४० टक्के भाग वजन, रक्तदाब आणि धूम्रपान यांतून जाताना दिसला. उरलेला कोणत्या वाटेने जातो, हे अजून उलगडायचे आहे.

टीकाकारांनी या सोडतीतही खोट दाखवली. आइसलंडमध्ये ऑगस्टिन काँग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आईबापांची अशी जनुके तपासली जी मुलांना मिळालेलीच नव्हती. तरी त्या न मिळालेल्या जनुकांचा मुलांच्या शिक्षणावर मिळालेल्यांच्या जवळपास ३० टक्के इतका परिणाम होता. कारण ती जनुके आईबापांना घडवतात, आणि आईबाप घर घडवतात. जनुक मोजतो म्हणताना संशोधक नकळत घराची परिस्थितीही मोजत असतो. हा मुद्दा जितका मुरवावा तितका जड होत जातो.

सोयरिकीची भिंत

भारतात तो आणखी जड आहे, कारण इथे जात आहे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी म्हटले होते की जातीचे सार जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. जवळपास शतकाने जनुकशास्त्र त्याच जागी आले. थंगराज, लालजी सिंग, डेव्हिड राइख आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की अनेक भारतीय समूह मोजक्या पूर्वजांपासून वाढले आणि मग शतकानुशतके आपापल्यात लग्ने करत राहिले. २०१७ मध्ये तपासलेल्या २६३ दक्षिण आशियाई समूहांपैकी ८१ समूहांत ही कोंडी फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र निघाली.

याचे दोन अर्थ होतात, आणि ते एकमेकांच्या आड येतात. एक, समूहागणिक वेगळे आनुवंशिक दोष सापडतील आणि ते लवकर ओळखता येतील. दुसरा अर्थ सावध करणारा आहे. ज्या भिंतीने जनुके अडवली, तिनेच जमीन, शिक्षण आणि पाणीही अडवले. दोन जातींत हृदयविकाराचे प्रमाण वेगळे दिसले, तर फरक रक्ताचा की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंचनेचा, हे साध्या तुलनेतून सांगता येणे नाही. भारतातल्या हृदयरोगाच्या जनुकीय अभ्यासांनी ही अडचण जितकी गांभीर्याने घ्यायला हवी, तितकी अजून घेतलेली दिसत नाही.

मोजण्याच्या पट्टीतही खोट आहे. अ‍ॅलिशिया मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नोंदवले की अशा जनुकीय अभ्यासांतले ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे आहेत, जगात तो वंश १६ टक्के असताना. त्यांच्यावर बेतलेला गुण इतरांना नीट लागू पडत नाही. २०२० मध्ये खेरा, बंगळूरचे रमेश मेनन आणि सहकाऱ्यांनी बांगलादेश आणि भारतातली माहिती वापरून दक्षिण आशियाई लोकांसाठी गुण तपासला, तो बऱ्यापैकी चालला. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने पाया वाढवला आहे. तरीही जनुक, जन्मवजन, आईचे शिक्षण, स्थलांतर आणि उपचार हे सगळे एकाच माणसाबद्दल नोंदवणारी मोठी भारतीय माहिती हवी तेवढी तयार झालेली नाही.

उरलेले प्रश्न

सावित्रीपलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या कामाची इथे आठवण होते, जरी ते वेगळ्या वाटेचे आहे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्यावर त्यांना दिसले की लाल इंगळी चावून मरणारे लोक मुळात हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी भरून मरत आहेत. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी दिले आणि शंभरातले चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले. इंगळी चावायची ती अनवाणी शेतात राबणाऱ्यांना, कुडाच्या घरात झोपणाऱ्यांना. हृदयाने होणारे ते मरण जवळजवळ पूर्णपणे परिस्थितीचे होते, आणि ते टळले एका माणसाने खाटेशेजारी बसून रात्रभर केलेल्या नोंदींमुळे.

हृदयविकाराचा झटका इतका सरळ नाही. जनुके आणि परिस्थिती एकमेकांत बेरजेने मिसळतात की गुणाकाराने, यावर एकमत नाही. गरिबीत जनुकांचा जोर वाढतो, की सगळेच दाबले गेल्यामुळे तो दिसेनासा होतो, याबद्दलचे पुरावे बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत. धोका जनुकीय आहे असे सांगितल्यावर माणूस तंबाखू सोडतो की ‘नशिबातच आहे’ म्हणून आणखी ओढतो, याचीही उत्तरे संमिश्र. आणि जनुकीय चाचणी स्वस्त झाली तरी ती आधी पोहोचेल ती ज्यांचे धोके आधीच आटोक्यात आहेत त्यांच्याकडे, ही भीती अवाजवी नाही.

काही गोष्टी मात्र वाद मिटण्याची वाट बघत बसलेल्या नाहीत. २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींना लगाम घातला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांना जोडून झटक्याचे उपचार करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा वर्षभरातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रानेही त्या धर्तीवर ईसीजी दूरवर पाठवून वाचून घेण्याची व्यवस्था उभी करायला घेतली.

दोन्ही धागे प्रत्यक्ष एकत्र येतात ते आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या रुग्णात. नेदरलँड्सने १९९४ पासून जवळपास वीस वर्षे एक मोहीम चालवली: एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांना, मुलांना, चुलतभावांना गाठून तपासायचे. सख्ख्या नातलगांत दर दोघांत एकाला दोष असण्याची शक्यता असते, त्यामुळे थोड्या तपासण्यांत बरेच रुग्ण हाती लागतात. उपचाराची सुरुवात स्टॅटिनने होते, आणि ती गोळी जेनेरिक दुकानात स्वस्तात मिळते. कोकणात हे करायचे तर गावच्या रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘घरात कुणाला कमी वयात झटका आला होता का’ ही एक ओळ भरावी लागेल, आणि मग दिवा, नालासोपारा, मानखुर्द इथे राहणाऱ्या भावांपर्यंत कुणाला तरी फोन करावा लागेल. तो फोन कोणी करायचा, तालुक्याच्या रुग्णालयाने, आशाताईंनी की महापालिकेच्या दवाखान्याने, हे आजच्या कुठल्याही आरोग्य योजनेत स्पष्ट लिहिलेले नाही. गणपतीत ही सगळी भावंडे आठवडाभर एका घरात असतात.